भिंगारच्या बाईंची चूल

माणसाला तोंड उघडायला लावायचं आणि मग त्याला एक शब्द बोलू द्यायचा नाही, ही कला आमच्या नगर जिल्ह्यात भिंगारच्या बाईंइतकी कुणालाच साधली नाही. दातांच्या डॉक्टर म्हणून त्यांनी उभा जन्म हेच केलं. आरोग्य सल्लागार मंडळावर आल्यावरही तेच चालू ठेवलं, फक्त समोर रुग्णाऐवजी अधिकारी असत. भिंगारच्या बाजारात त्यांचा दवाखाना होता. लष्करातले धिप्पाड सुभेदार तिथे यायचे आणि बाईंनी चष्मा नाकावर ओढून "हं, आ करा," म्हटलं की खुर्चीचे हात घट्ट धरायचे. भूल उतरेपर्यंत बाई त्यांना आयुष्य कसं जगावं ते सांगत आणि सुजलेल्या गालाने माणूस फक्त मान हलवी. ही मान हलवण्याची सवय बाईंना इतकी आवडली होती की जगात सगळ्यांनी त्यांच्यासमोर तेवढंच करावं असं त्यांना मनापासून वाटे.

माझी त्यांची ओळख मंडळावरची. मी पेशाने इंजिनिअर, लोकांची घरं बांधतो. मला आरोग्याच्या मंडळावर का घेतलं हे मला अजून उमगलेलं नाही. बहुतेक यादीत 'व्यावसायिक' अशी एक जागा रिकामी होती आणि त्याच सुमारास मी कुणाच्या तरी लग्नात पुढच्या रांगेत बसलेला दिसलो असेन. मंडळाचं काम सल्ला देणं. तो ऐकणं हे मात्र कुणाचंच काम नव्हतं, आणि ही सोय सगळ्यांनाच पटलेली होती. बैठकीचा पहिला तास सत्कारात जाई. बदलून आलेल्याचं स्वागत, बदलून चाललेल्याला निरोप, आणि जो कुठेच गेला-आला नाही त्याचं वाढदिवसानिमित्त अभीष्टचिंतन. सोनईचे एक औषध दुकानदार आमच्यात सदस्य होते, त्यांच्या गाडीच्या डिकीत शाली कायम भरलेल्या असत. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त सर्जन. आयुष्यभर लोकांची पोटं उघडून झाल्यावर आता कुठलाही विषय उघडायचा नाही असा त्यांचा निश्चय असावा. कुणी बोलायला तोंड उघडलं की ते "सर्वानुमते!" म्हणून मोकळे होत, आणि काय सर्वानुमते ते लिहून घेणारा कारकून आपल्या अंदाजाने ठरवी.

अशा सुरळीत चाललेल्या संसारात बाई शिरल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सरकारी चहा नाकारून पिशवीतून स्वतःचा थर्मास काढला. "तोंडात काही असलं की माणसाला नाही म्हणता येत नाही. माझा धंदाच आहे तो," असं त्यांनी अध्यक्षांना सुनावलं. मग दुसरा उद्योग. अधिकारी बोलायला उभा राहिला की त्याच्या भाषणापेक्षा त्याच्या जबड्याकडे त्यांचं लक्ष जास्त. एकदा एक साहेब बराच वेळ बोलून "एकूण कार्यवाही प्रगतिपथावर आहे," म्हणून खाली बसले. बाई म्हणाल्या, "तुमची खालची अक्कलदाढ किडलीय साहेब. तीही प्रगतिपथावरच आहे." सगळे हसले, साहेब हसले नाहीत, कारण दाढ खरोखरच ठणकत होती. पुढच्याच आठवड्यात ते गुपचूप भिंगारला जाऊन ती काढून आले. बाईंनी पैसे घेतले नाहीत, पण भूल उतरेपर्यंत अडलेल्या सगळ्या फायलींची आठवण करून दिली म्हणे.

बाई सरकारी गाडीत कधी बसल्या नाहीत. एसटीने जायचं, पुढे जीपने, आणि कुठे जाणार ते कुणाला सांगायचं नाही. आरोग्य केंद्रात पोचल्या की पदर डोक्यावर घेऊन रांगेत बसत आणि "दाढ दुखतीय हो," म्हणून कण्हत. जिल्ह्याच्या पूर्वेला एका गावात उपकेंद्राला कुलूप दिसलं, तर त्यांनी पायरीवरच बैठक मारली आणि नर्सबाई येईपर्यंत गावातल्या पोरांचे दात तपासून, मिशरी लावणाऱ्या बायांना फैलावर घेऊन, सरपंचाला त्याच्या तंबाखूवरून घाम फोडला. अकोले तालुक्याच्या डोंगरात एका जीपवाल्याला त्यांनी तोंडातला गुटखा थुंकल्याशिवाय गाडी सुरू करू दिली नाही. तो कळवळून म्हणाला, "बाई, गाडी माजी हाय ना!" बाई म्हणाल्या, "गाडी तुझी, पण वास आम्हा सगळ्यांना येतोय." लोक त्यांना टरकून असत आणि त्या निघाल्या की पुन्हा कधी येणार असं विचारत. मंडळातल्या आम्हा बाकीच्यांना असं कुणी कधी विचारलेलं मला आठवत नाही.

त्याच डोंगरात बाईंना ते माहेरघर सापडलं. माहेरघर म्हणजे आरोग्य केंद्राला लागून असलेली एक खोली. वाड्या-वस्त्यांवरच्या गरोदर बायांनी दिवस भरत आले की इथे येऊन राहायचं, म्हणजे ऐन वेळी घाट उतरायची धावपळ नको, अशी ती चांगली योजना. खाटा होत्या, गाद्या होत्या, लोखंडी कपाट होतं, पंखासुद्धा होता. बाया मात्र येत नव्हत्या. 'लाभार्थींचा प्रतिसाद नाही, सबब खोली औषधसाठ्याकरिता वापरावी' असा विषय मंडळापुढे आला आणि अध्यक्षांचं "सर्वा..." निघायच्या आत बाई उभ्या राहिल्या. "मी जाऊन राहते तिथे. मग सांगते," म्हणाल्या, आणि खरोखरच उशी काखोटीला मारून गेल्या.

उत्तर त्यांना वरच्या वाडीतल्या एका सासूने दिलं. बाईंनी नगरला परतल्यावर मला ते तिच्याच आवाजात ऐकवलं होतं: "सून ठिवायची तर मी बी आली. मी आली तर बारकी नात बी आली. मंग भाकरी कुटं करायची, तुमच्या त्या लोखंडी कपाटात? डब्यातली गार पोळी आमच्या सुनंला उतरत न्हाई." एवढंच होतं. त्यांना एक चूल हवी होती. बाईंनी मला दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन केला. "अहो इंजिनिअर, मोठमोठ्या इमारती पुष्कळ बांधल्यात, आता एक चूल बांधा." मी गेलो. मागच्या पडवीत, धूर बाहेर जाईल अशा बेताने, दोन गवंड्यांना हाताशी धरून दोन तोंडांची चूल बांधली. माझ्या हातून झालेलं हे सगळ्यात लहान बांधकाम, आणि खरं सांगतो, सगळ्यात उपयोगाचं. तिथले वैद्यकीय अधिकारी मोठे सज्जन. नियमात चूल बसत नव्हती म्हणून त्यांनी त्या बाजूला बघायचंच सोडून दिलं. पावसाळा संपायच्या आत खोली भरली. चुलीवर नागलीच्या भाकरी, पडवीत वाळत घातलेली लुगडी, खाटेखाली खेळणाऱ्या नाती, आणि मधोमध बाई, एकेकीला आ करायला लावत. ती वरच्या वाडीतली सासूही धाकट्या सुनेला घेऊन आली. पहिलटकरीण पोर, हसली की तोंडावर पदर घ्यायची.

आता बाईंना डोंगरातल्या प्रत्येक माहेरघरात चूल हवी होती. मंडळात विषय निघाला की धूर, आग, नियम, भिंतीचा रंग. बाई वैतागून म्हणाल्या, "इथं बसून काय कळणार? सगळे येऊन डोळ्यांनी बघा." मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "बाई, तुम्ही तर कधी कुणाला कळवून जात नाही." त्या म्हणाल्या, "मी एकटीने बघून काय होतंय? ह्या सगळ्यांनी बघायला पाहिजे. आणि हे काय एसटीने येणारेत?" ते खरंच होतं. मंडळाची पाहणी म्हणजे आधी पत्र जाणार, मग दौऱ्याचा कार्यक्रम, मग जेवणाची व्यवस्था. बाईंनी जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी आपण येतोय असं कळवू दिलं.

आम्ही गाड्या घेऊन गेलो. दारात रांगोळी होती. भिंतींना ताजा चुना, खाटांवर घडी न मोडलेल्या पांढऱ्या चादरी, आणि एकाही खाटेवर माणूस नाही. अध्यक्ष "वा, वा," म्हणत पुढे चालले होते. बाई सरळ मागच्या पडवीत गेल्या आणि मी त्यांच्या मागोमाग. चुलीच्या जागी शोभेच्या झाडांच्या कुंड्या मांडलेल्या होत्या.

"चूल कुठंय?" बाईंनी विचारलं.

वैद्यकीय अधिकारी हसतमुखाने म्हणाले, "मॅडम, तुम्ही सगळे येणार म्हणून काढून घेतली. भिंत फार काळी झाली होती हो."

"आणि बाया?"

"घरी पाठवल्यात, दोन दिवसांपुरत्या. आज सकाळीच गेल्या शेवटच्या. एवढे पाहुणे येणार, गर्दी दिसायला नको म्हणून."

त्या माणसाचा आवाज अजून माझ्या कानात आहे. त्यात लबाडीचा लवलेश नव्हता. घरी मोठी माणसं येणार म्हणून आपण नाही का सतरंजी झटकून टाकत, तशी त्याने खोली झटकली होती. रस्त्याने जाणारी एक जीप थांबवून बाई वरच्या वाडीकडे निघून गेल्या. आम्ही सत्कार करून घेतले, सोनईकरांनी शाली काढल्या, पानं वाढली गेली. भात फार सुवासिक होता, असं दोघे-तिघे म्हणाले.

आम्ही हात धूत होतो तेव्हा जीप परत आली. मागच्या बाकावर ती पोर आडवी होती, तिचं डोकं सासूच्या मांडीवर. सकाळी घरी जायला निघालेली, चढावर कळा सुरू झाल्या आणि रस्त्याच्या कडेलाच बाळंत झाली होती. बाईंच्या मांडीवर त्यांच्याच शालीत गुंडाळलेलं मूल होतं. ते रडलंच नव्हतं. डॉक्टर धावले, नर्स धावल्या, पोर वाचली. आमच्या गाड्या वाटेत येत होत्या, त्या मागे घ्यायला थोडा वेळ लागला.

पुढच्या बैठकीत पाहणीचा अहवाल आला. परिसर अत्यंत स्वच्छ व नीटनेटका आढळला असं त्यात होतं आणि ते सर्वानुमते मंजूर झालं. मी काहीबाही बोललो, ते कुणी लिहून घेतलं नाही. बाईंची खुर्ची रिकामी होती. मला त्या दिवशी जो संताप आला तो अजून गेलेला नाही, आणि कुणावर काढावा तेही समजत नाही, कारण त्या सगळ्या प्रकारात वाईट माणूस असा एकही नव्हता. त्या वैद्यकीय अधिकाऱ्यांची यथावकाश बदली झाली आणि त्यांना शाल देऊन निरोप देण्यात आला.

मी भिंगारला बाईंच्या घरी गेलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी मला पुरं वाक्य बोलू दिलं. त्या वाडीवर माफी मागायला जाऊन आल्या होत्या. सासूने त्यांना पाट दिला, कोरा चहा दिला. बाई रडायला लागल्या तर तीच समजूत घालायला लागली: "तुमी कशापायी रडता? पावनं येनार हुतं, पसारा आवरायला नगं व्हय? डाक्टर म्हनलं आन् आमी बी लगीच उठलो. चार मोटी मान्सं यायची आन् आमी तितं पाय पसरून पडायचं, बरं दिसतं का?" हे सांगून बाई मला म्हणाल्या, "तिने शिव्या घालायला हव्या होत्या हो. मी वाट बघत बसले होते."

त्यानंतर त्यांनी मंडळ सोडलं, भिंगारचं घर भाच्याच्या हवाली केलं आणि त्या केंद्राजवळच एक खोली भाड्याने घेऊन राहिल्या. पडवीतल्या कुंड्या त्यांनी स्वतः उचलून बाहेर ठेवल्या आणि चूल पुन्हा घातली, परवानगी न मागता. नव्या डॉक्टरांनी दोन-तीनदा नियम सांगायचा प्रयत्न केला, पण त्यांची एक दाढ बाईंच्या ताब्यात आहे.

परवा मी तिकडे गेलो होतो, एसटीने, धुरासाठी पत्र्याची नळी घेऊन. ती बसवली. बाई केवढ्या वाळल्यात. नळी वाकडी बसली म्हणून त्या मला नावं ठेवत होत्या आणि मला फार बरं वाटत होतं. दोन दिवस राहायचं म्हणून मी कपडे नेले होते. एवढ्यात बाईंचा फोन वाजला. पलीकडून ती वाडीवरची सासू ओरडून बोलत होती, मलाही ऐकू येत होतं. सुनेला पुन्हा दिवस भरत आले होते. "जीप मिळाली हाय बाई, घिऊन येतो तिला. पन आदी सांगा, कोनी पावनं तर न्हाईत ना आलेलं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्या डोळ्यांत मी कधी विनंती पाहिली नव्हती.

"नाही हो," त्या फोनमध्ये म्हणाल्या, "कुणी नाही. या तुम्ही."

मी पिशवी उचलली. त्यांनी थांबा म्हटलं नाही. थांब्यावर येऊन उभा राहिलो तर वरून जीप येताना दिसली. पुढच्या बाकावर म्हातारी, मांडीवर सरपणाची मोळी, आणि तिच्या पलीकडे पदरात अर्धा चेहरा. मी चटकन पाठ फिरवली आणि जीप केंद्राच्या आवारात वळेपर्यंत तसाच उभा राहिलो.