नॉर्वेचा पेपर आणि माझा हट्ट

नॉर्वेतल्या एका कामगार पक्षाच्या पेपरचा इतिहास मी पीएच.डी.ला घेतला, तेव्हा अमेरिकेत, मिनेसोटातल्या आमच्या मराठी मंडळींनी मला वेड्यातच काढलं. एका पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, एक काकू म्हणाल्या, “अगं, या लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजतेस? कॉम्प्युटर कर की!” ऐंशीच्या दशकात जो तो कॉम्प्युटरच करत होता. मी म्हटलं, “काकू, तुम्ही वरण वाढा.”

काकूंचं सोडा, माझ्या गाइडनाही विषय पटत नव्हता. “तू नागपूरची, दलित वस्तीतली. तुझ्या लोकांवर लिही ना,” असं गोड बोलून सुचवायचे. मला अशी चीड यायची! इथले गोरे आमच्या वस्तीवर प्रबंध लिहायला येतात, तेव्हा त्यांना कोणी विचारतं का, बाबा रे, घरचा विषय का नाही घेतलास? मी हट्टाने नॉर्वेजियन शिकले. तरुणपणी नॉर्वेहून आलेल्या एका आजींकडे दर शनिवारी जायचे. त्या जुन्या अंकांच्या झेरॉक्स माझ्याकडून मोठ्याने वाचून घ्यायच्या आणि चुकलं की टेबलावर चमचा आपटायच्या.

शेवटी विषय मंजूर करायला कमिटी बसली. नाही म्हणाले असते, तर सगळी मेहनत पाण्यात. गाइडनीच सुरुवात केली, “हा पेपर कधी फारसा खपलाच नाही. मूठभर प्रतींचा इतिहास तो कसला?”

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, “सर, आमच्या वस्तीत चळवळीचं साप्ताहिक यायचं, एकच प्रत. रविवारी वंदना झाली की माझे बाबा विहारात उभे राहून ते वाचायचे. अख्खी वस्ती ऐकायची. माझ्या आईला अक्षरओळख नव्हती, पण अग्रलेखावरून ती बाबांशी आठवडाभर भांडायची. म्हणून मी आजींना विचारलं, तुमच्याकडे पेपर कोण वाचायचं? त्यांचे वडील लाकूड कापायच्या गिरणीत, जेवणाच्या सुट्टीत, सगळ्या कामगारांना वाचून दाखवायचे. तुम्ही प्रती मोजल्यात, सर. ऐकणारे कोणी मोजले?”

मग गाइडनी विचारलं, “त्या बाई अजून आहेत?”

“आहेत,” मी म्हटलं. “पण ऐंशी ओलांडलीय त्यांनी. तेव्हा सही आजच करा.”