मोटर नसलेला पंप

मी व्हायब्रेशन ॲनालिस्ट, म्हणजे यंत्रांची कंपनं मोजून बिघाड ओळखणारा. जे मोजता येत नाही ते नसतंच, असं मानणारा. कुणी संकेत-बिंकेत म्हणालं की हसू यायचं. म्हणूनच हे इतकी वर्षं कुठे बोललो नाही...

२००२च्या आसपासची गोष्ट. कुवेतमध्ये महबूला भागात राहायचो, समुद्राकाठच्या एका वीज प्रकल्पात कूलिंग पंपांवर काम करायचो. आमचे वरिष्ठ पेठे साहेब. त्यांची उभी हयात भारतात अणुवीज केंद्रातल्या कूलंट पंपांवर गेलेली. इथले पंप सारखे का बिघडतात, हे शोधायला त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. "तिकडे पंप थांबला तर अणुभट्टी थंड कशी ठेवणार? 'उद्या बघू' हे आम्हाला माहीतच नाही," म्हणायचे.

त्या दिवशी सकाळी अकराला दोन नंबर पंपाची कंपनांची रीडिंग्ज अचानक चढली. साहेब, मी आणि रत्नागिरीकडचे आमचे फिटर सलीमभाई — तिघेही निघालो. वाटेत चार नंबरचा पंप. ओव्हरहॉलला काढलेला. मोटर वर्कशॉपमध्ये, दोन्हीकडचे पाइप सोडवलेले, आत पाण्याचा थेंब नाही.

सलीमभाई थबकले. "साहेब, ह्यो फिरतोय..."

शाफ्ट खरंच फिरत होता. संथ, एका लयीत. बाहेर रणरणतं ऊन, आणि हात लावला तर लोखंड गारठलेलं.

"पेठे साहेब, जरा इकडे या!" मी ओरडलो.

"तुम्ही बघा, मी पुढे होतो," न वळताच ते म्हणाले.

मिनिटभरात कानठळ्या बसवणारा आवाज झाला. दोन नंबरचं कपलिंग, मोटर आणि पंप जोडणारा सांधा, फुटलं होतं. साहेब जागच्या जागी गेले.

चौकशीत मी सगळं सांगितलं. "धक्क्याने भास झाला असेल," चौकशी करणारे म्हणाले. पण आम्ही पाहिलं ते धक्क्याच्या आधी — आणि दोघांनी! नंतर चार नंबर मी स्वतः तपासला. शाफ्ट इतका घट्ट, की हाताने हलवायला दोन माणसं लागली.

सुट्टीत पुण्याला गेलो तेव्हा पेठे वहिनींना भेटलो. लपवावंसं वाटलं नाही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्हा दोघांना कुणीतरी थांबवलं," त्या म्हणाल्या. "मग यांना का नाही हो?"