पेटीच्या बाई आणि म्युझिक लॅब

छापलेली बातमी दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. न छापलेली पोटात राहते आणि तिचा किस्सा होतो. तीस वर्षं इंदूरमध्ये रिपोर्टर आहे, तेव्हा माझं पोट केवढं झालं असेल बघा! पण यंदाचा सगळा साठा माझ्या बातम्यांच्या बीटवरचा नाही. तो बायकोच्या शाळेतला आहे.

सुनंदा राऊजवळच्या एका शाळेत बावीस वर्षं गाणं शिकवते. ती पेटी घेऊन बसते, मुलं गातात. जूनमध्ये प्रिन्सिपल मॅडमनी तिला बोलावून सांगितलं, "सुनंदाजी, अब म्यूझिक कंप्यूटर पर होगा." नववीच्या मुलांनी सॉफ्टवेअरवर गाणं तयार करायचं आणि त्याचं पाच ओळींचं, इंग्रजी पद्धतीचं नोटेशन छापून काढायचं. दिवाळीनंतर शाळेच्या ट्रस्टकडून इन्स्पेक्टर येणार. त्यांच्यासमोर सुनंदाने एकटीने लॅब चालवून दाखवली तर ठीक. नाहीतर विषय पलासियाच्या एका कोचिंग क्लासकडे, आणि सुनंदा बस ड्यूटीवर!

"बावीस वर्षांनी बस ड्यूटी?" मी ओरडलो. "लेखी माग त्यांच्याकडून!"

"अहो, हळू बोला," ती म्हणाली. "आधी मला माऊस तर धरू द्या."

*

तिला शिकवायला ट्रेनर आला तोही त्याच कोचिंग क्लासचा, अंकित नावाचा. म्हणजे जागा ज्याला मिळायची, तोच गुरू! आमच्या शहरात याला व्यवस्था म्हणतात.

अंकितने टेबलावर छोटा की-बोर्ड मांडला, त्याच्या मागे लॅपटॉप. सुनंदाने उजव्या हाताने सा लावला आणि डावा हात आपोआप पलीकडे गेला. पेटीचा भाता तिथेच असतो ना! इथे लॅपटॉपचं झाकण होतं. तिने ते ओढलं. झाकण बंद, स्क्रीन काळी.

असं तीनदा झालं. चौथ्यांदा अंकित म्हणाला, "मॅडमजी, इसमें हवा नहीं भरनी पड़ती."

दुसऱ्या दिवसापासून ती डाव्या मुठीत रुमाल घट्ट धरून बसायला लागली. नववीतल्या मुग्धाने हळूच विचारलं, "मॅडम, सब ठीक आहे ना? रडताय का?"

*

त्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय आहे. माइकसमोर गायलं की ते आपणच स्वर लिहून काढतं. सुनंदाने घसा खाकरला आणि बंदिश गायली. अंकितने एक बटण दाबून सगळे स्वर मात्रांवर सरळ बसवले आणि छापून वाटून टाकले.

मुग्धा घरी की-बोर्ड शिकते, तिला ते नोटेशन वाचता येतं. दुसऱ्या दिवशी तिने वाजवलं. सुरुवातीलाच खर्जात दोन जाड सूर, ढब् ढब्, आणि मग बंदिश.

"हे काय वाजवलंस गं?"

"लिहिलंय ना मॅडम!"

तो सुनंदाचा घसा खाकरल्याचा आवाज होता. अंकित म्हणतो, "पर ताल में है मॅडमजी!"

सुनंदाने तो पुसायला घेतला. पुसताना सम गेली. सम शोधताना अख्खी ओळ गेली. घरी येऊन म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा सम सापडली नाही हो मला." हे आज हसत सांगतोय, त्या दिवशी हसलो नव्हतो.

*

ऑगस्टमध्ये मुलांनी लॅबमध्ये केलेली प्रार्थना असेंब्लीत वाजली. छान तानपुरा, मागे घंटा, सगळी शाळा डोळे मिटून उभी. शाळेने सॉफ्टवेअरचं लायसन्स घेतलेलंच नाही, हे तोवर कुणालाच ठाऊक नव्हतं. अचानक स्पीकरमधून एक बाई गोड आवाजात म्हणाली, "धिस इज अ ट्रायल व्हर्जन."

थोड्या वेळाने पुन्हा. मग पुन्हा! आमच्याकडे प्रार्थना एकाने म्हणायची आणि बाकीच्यांनी मागून म्हणायची. चौथ्या वेळी पहिलीची मुलं हात जोडून तिच्यामागून म्हणायला लागली.

मेमो कुणाला? सुनंदाला! "तैयारी में कमी."

*

मेमो बघून मी शाळेत गेलोच. आमच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या दरबारात मुजरे केले. ती सवय सुनंदाने सासरी येऊन उचलली, मी मात्र कधीच मोडली.

"मॅडम," मी म्हटलं, "विनालायसन्स शिकवता आणि मेमो टीचरला देता? उद्या बातमी केली तर?"

प्रिन्सिपल मॅडम शांतपणे चहा ढवळत म्हणाल्या, "ज़रूर कीजिए भाईसाहब. आपके पहले पन्ने पर हमारा विज्ञापन रहता है. उसके नीचे लगवा दीजिए."

मंत्र्यांना गप्प केलेला माणूस मी. तीन उत्तरं सुचली, पण जिना उतरताना!

लायसन्स आठवड्यात आलं. सुनंदा मात्र एवढंच म्हणाली, "लढाई तुमची असते, आणि शाळेत मी जाते."

*

मग राजेंद्र नगरच्या आमच्या स्वयंपाकघरात नवाच ताल सुरू झाला. पोह्यांवर जिरावन मसाला भुरभुरताना ती बोटांवर मोजायची, "न्यू, रेकॉर्ड, स्टॉप, सेव्ह. न्यू, रेकॉर्ड, स्टॉप, सेव्ह."

"प्रिंट राहिलं," मी म्हटलं.

त्या दिवशी पोह्यांवर जिरावन तीनदा पडलं.

*

इन्स्पेक्टर आले त्या दिवशी मी डबा द्यायच्या निमित्ताने लॅबच्या खिडकीशी उभा होतो. अंकितला बाहेर बसवलेलं. मुलांचं तयार काम इन्स्पेक्टरांनी बाजूला सारलं. "ये तो पहले का है. मेरे सामने नया कीजिए."

मुग्धा चार ओळी गायली. न्यू, रेकॉर्ड, स्टॉप, सेव्ह. सुनंदाचे ओठ हलताना मला काचेतून दिसत होते. प्रिंटर घरघरला. कागद आला! घाईत त्यावर नाव घालायचं तेवढं राहिलं. नुसत्या रेघा आणि टिंबं.

इन्स्पेक्टरांनी चष्मा चढवला. एकेका ओळीवरून बोट फिरवत, मान डोलावत वाचलं. "हूँ. साफ़ है. बहुत साफ़ है." खिशातून पेन काढलं.

कागद उलटा होता.

मुग्धाने तोंडावर हात ठेवला. सुनंदाने पाहिलंय हे मला तिच्या मानेवरून कळलं. उभा जन्म लोकांना 'गप्प बसू नका' असं ओरडून सांगणारा मी, काचेला नाक लावून मनात म्हणत होतो, गप्प बस गं बाई! एक सही होऊ दे!

"सर, एक मिनट," सुनंदा म्हणाली. तिने त्यांच्या हातातून कागद घेतला, सरळ केला आणि परत दिला.

इन्स्पेक्टरांनी सुनंदाकडे पाहिलं. मग कागदाकडे, पहिल्यापेक्षा जास्त वेळ.

"हाँ," सही करत ते म्हणाले, "अब तो और भी अच्छा है!"