हरणारा संघ आणि सोमवारची सकाळ

एखाद्या गोष्टीचे नियम समजले की तिची भीती कमी होते का? वर्गात मी हे कधी प्रश्न म्हणून मांडले नव्हते. उत्तर म्हणूनच सांगत आलो. अमरावतीच्या एका शाळेत भूगोल शिकवताना ग्रहण, वीज, भूकंप या सर्वांबाबत माझे म्हणणे एकच असे: कारण कळले की भय जाते. निवृत्तीनंतर ते स्वतःवर तपासून पाहण्याची वेळ आली.

माझी मुलगी अमेरिकेत एका व्यावसायिक फुटबॉल संघात काम करते. हा आपल्याकडचा फुटबॉल नव्हे. यात लंबगोल चेंडू हातात धरून पळतात आणि शिरस्त्राण घातलेले धिप्पाड गडी एकमेकांवर आदळतात. मुलगी खेळत नाही; सामन्यांच्या चित्रणाचे तुकडे करून ती प्रशिक्षकांना अभ्यासासाठी देते. मागच्या वर्षी गणपतीच्या सुमारास हंगाम सुरू झाला आणि तिचा संघ हरतच गेला.

"बाबा, असंच चाललं तर मुख्य प्रशिक्षकांना काढतील," ती एकदा फोनवर म्हणाली. "नवा माणूस येतो तो स्वतःची माणसं घेऊन येतो. आणि माझा व्हिसा या नोकरीवरच आहे. आईला मात्र सांगू नका."

आई माझ्या शेजारीच वालाच्या शेंगा मोडत बसली होती आणि फोन स्पीकरवर होता. तिचे हात थांबले, मग तिने पुढची शेंग उचलली.

मी नियम शिकायला घेतले. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. जमले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. म्हणून चौथ्या प्रयत्नाला बहुतेक संघ चेंडू लाथेने लांब उडवून देतात. प्रथम पाहिले तेव्हा मला वाटले, यांनी हात टेकले. पुढे कळले की हा शहाणपणा आहे: चेंडू जाणारच असेल, तर तो आपल्या दारापासून दूर जावा. हे समजल्यावर मला चौथ्या प्रयत्नाचीच धास्ती वाटू लागली. तोवर मी सरसकट घाबरत होतो.

अकोल्याला माझी मोठी बहीण असते. क्रिकेटचा सामना चालू असताना घरात कोणीही जागा बदलायची नाही, हा तिचा जुना कायदा. जोडी जमलेली असताना पाणी प्यायला उठलेल्या जावयालाही तिने सोडले नव्हते. तोच कायदा तिने या खेळाला लावला. दर सोमवारी सकाळी सात वाजता मुलीने लावून दिलेल्या ॲपवर आम्ही अमरावतीत आणि ती अकोल्यात सामना पाहत असू. मोबाइलवर व्हिडिओ कॉल चालूच असे. माझी जागा दारालगतची खुर्ची, बायकोची दिवाण.

एका सोमवारी संघ चक्क पुढे होता. तेवढ्यात स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला आणि बायको उठली. ती परत येईपर्यंत चेंडू गेला होता.

"काऊन उठली वं?" बहीण कडाडली.

"वरण करपून राहिलं होतं, ताई."

"करपू द्याचं होतं! वरण उद्या होते. पोरीची नोकरी उद्या होते काय?"

त्याच सकाळी माझे लक्ष मैदानावरच्या सावल्यांकडे गेले. भर उन्हातल्या, दुपारच्या सावल्या होत्या. आपल्याकडे सकाळचे सात म्हणजे मुलीच्या गावी आदल्या दिवसाची रात्र. रेखावृत्तांवरून वेळ काढण्याची उदाहरणे मी वर्षानुवर्षे फळ्यावर सोडवली, पण इथे तो हिशेब करण्याचे मला सुचले नव्हते. आम्ही पाहत होतो तो सामना कधीच संपला होता; ॲपवर दिसत होते ते त्याचे चित्रण. कोण उठले, कोण बसले, याने त्यात काडीचाही फरक पडणार नव्हता.

माझ्या सिद्धान्ताप्रमाणे भीती तिथेच संपायला हवी होती. पण मी कोणाला काही सांगितले नाही. पायाला मुंग्या आल्या तरी खुर्ची सोडली नाही. पुढच्या सोमवारीही सोडली नाही.

हंगामाचा शेवटचा सामना पाहायला आम्ही एसटीने अकोल्याला गेलो. बहिणीने माझ्यासाठी दारालगतच खुर्ची मांडून ठेवली होती. मी आता चेंडूकडे पाहतच नव्हतो. कॅमेरा मुख्य प्रशिक्षकाकडे वळण्याची वाट पाहत होतो. प्रतिस्पर्ध्यांना ओठ वाचता येऊ नयेत म्हणून डावपेचांच्या कागदाने तोंड झाकून तो कोणाशी तरी बोलत होता. फक्त डोळे दिसत होते. परीक्षेत काहीच न आठवणाऱ्या मुलाचे डोळे मी पुष्कळ पाहिले आहेत. संघ हरला.

टीव्ही बंद झाल्यावर मी बहिणीला हळूच म्हणालो, "ताई, हे सामने आपण पाहतो त्याच्या कितीतरी आधीच संपलेले असतात."

"मले सांगून राहिला काय, गुर्जी? माह्या सुनेनं दिवाळीतच सांगतलं मले."

"मग जागेवर बसून का राहत होतीस?"

"तू काऊन बसला होता?"

एवढे बोलून तिने सुनेला चहा टाकायला सांगितले.

लवकरच मुख्य प्रशिक्षकाला काढल्याची बातमी आली. पुढचे आठवडे आमच्या घरात फोन वाजला की बायको आधी घड्याळाकडे बघे. मुलीचा फोन अवेळी आला तर तो उचलायला ती मला सांगे, आणि मी तिला. शेवटी एका संध्याकाळी मुलगी म्हणाली, "ठेवलं, बाबा. एक वर्षासाठी."

बायकोने देवापुढे साखर ठेवली. मी विचारले, "आणि नवे प्रशिक्षक किती दिवस राहतील?"

"जिंकले तर राहतील," मुलगी म्हणाली आणि हसली. ते हसू मला आवडले नाही.

त्या दिवशीच अकोल्याहून फोन आला. "बरं झालं माय," बहीण म्हणाली, आणि जरा थांबून तिने विचारले, "येत्या सालचं कवा सुरू होते?" मला ते ठाऊक होते. पूर्वी नसते.

माझ्यापुरते उत्तर असे: नियम कळल्याने भीती कमी झाली नाही. ती कोणत्या महिन्यात येईल आणि कशावरून ओळखायची, एवढे मात्र कळू लागले. परंतु एका उदाहरणावरून नियम बांधू नये, हेही मी वर्गातच शिकवले आहे. तुमच्या घरी अशी एखादी भीती असेल, तर तिचे नियम नीट शिकून घ्या आणि ती खरोखर कमी होते का, हे कृपया स्वतः तपासून पाहा.