फेस लागलेल्या माणसाने बोलायचं नाही

आमच्या गल्लीतल्या न्हाव्याला सगळे न्यायमूर्ती म्हणतात. मला लिहायची सवय नाही, आणि हे लिहिण्याजोगं आहे की नाही तेही नीटसं कळत नाही. पण एका परदेशी वकिलातीच्या चकचकीत पुस्तिकेत त्याच्याबद्दल जे छापून आलंय, ते वाचून माझ्यासारख्या मुखदुर्बळालाही राहवेना.

त्याच्या दुकानात खुर्ची एकच, आणि भिंतीला लागून लांब बाक. रविवारी सकाळी बाकावर गल्ली जमते. तिथला नियम असा, की गालाला फेस लागला की त्या माणसाने बोलायचं नाही, बाकावरच्यांनी त्याला सुनवायचं. "वस्तरा गळ्याशी आहे," न्यायमूर्ती म्हणतो. "मान हलवू नका, जीभही हलवू नका." बायकोला घालूनपाडून बोलणारे नवरे आणि तक्रार ऐकून न घेणारे घरमालक त्या खुर्चीत मऊ होताना मी पाहिले आहेत.

नगरपालिकेचा इंजिनिअरही दाढीला तिथेच यायचा. दुसऱ्या कुणाचा हात त्याच्या गालाला सोसत नसे. आमचं गटार फुटून दुकानाच्या पायरीशी तुंबलं होतं, म्हणून दर रविवारी त्याला फेसातून गटार ऐकवलं जाई. शेवटी एकदा तोंड पुसता पुसता तो म्हणाला, "बरं बाबांनो, पाठवतो माणसं."

नेमका तेव्हाच न्यायमूर्तीचा भाचा उगवला. भाच्याची एक संस्था आहे. ती नक्की काय करते, हे त्याच्या आईलाही सांगता येत नाही.

"मामा, तुम्ही हे जे करता ना, त्याला नागरिकांचा सहभाग म्हणतात. वकिलात याला अनुदान देते."

"मी दाढ्या करतो रे."

"तेच तर! शिवाय सांस्कृतिक देवाणघेवाणही आहे. तुम्हाला त्यांच्या देशात नेतील. तिथले न्हावी तुमच्याकडून शिकतील."

इथे न्यायमूर्ती पाघळला. त्याने टाय आणला. गिऱ्हाईक नसलं की आरशासमोर उभा राहून हस्तांदोलनाचा सराव करू लागला. बायको आतून म्हणाली, "आधी दारातलं गटार ओलांडून दाखवा, मग समुद्र ओलांडा!"

अनुदान मिळालं, आणि कार्यक्रमासाठी भाच्याने दुकानातला बाक उचलून सभागृहात नेला. संवादाचं प्रतीक म्हणून तो व्यासपीठावर मांडला आणि कुणी बसू नये म्हणून त्याला फीत बांधली. आम्हाला गळ्यात चिठ्ठ्या अडकवून गोल बसवलं. मग मनातलं रंगीत कागदावर लिहून भिंतीला चिकटवायचं होतं. आमच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंनी लिहिलं, 'गटार'. संचालन करणाऱ्या मुलीने तो कागद कौतुकाने वाचला आणि 'आपली स्वप्नं' या रकान्यात चिकटवला.

त्यानंतर इंजिनिअरच्या हातात माईक दिला! वर्षानुवर्षं ज्याला फेसाखाली दाबून ठेवलं होतं, तो चहा गार होईपर्यंत बोलला. "आज प्रथमच मला कुणी ऐकून घेतलं," असं म्हणत त्याने माईक आणखी जवळ ओढला. भाच्याने टाळ्या वाजवल्या. पुढच्या रविवारपासून इंजिनिअर घरीच दाढी करू लागला. बाजारात दिसे तेव्हा गालावर ओरखडे असत, पण दुकानाकडे फिरकला नाही. गटाराची माणसंही आली नाहीत.

समारोपाच्या दिवशी वकिलातीचे सांस्कृतिक अधिकारी दुकान पाहायला आले. बाक परत जागेवर ठेवला होता, फीत अजून लोंबत होती. नगरपालिकेतर्फे स्वागताचा पुष्पगुच्छ घेऊन इंजिनिअर दारात उभा. अधिकारी हौसेने खुर्चीत बसले.

"मामा, फक्त फोटो हं," भाचा कुजबुजला. "फेस लावल्यासारखं करा."

न्यायमूर्तीने टाय सारखा करून विचारलं, "साहेब, आमचं तिकडे जाणं कधी?"

दुभाषी मुलीने विचारलं. अधिकारी प्रसन्न हसले. ती म्हणाली, "साहेब म्हणतात, देवाणघेवाण झाली की! त्यांचे छायाचित्रकार इकडे येऊन गेले."

न्यायमूर्तीने टाय काढून खुंटीला अडकवला, ब्रश भिजवला आणि साहेबांच्या डोळ्यांखालपर्यंत फेस चढवला. फेस पुरता लागायचा अवकाश, शिंपीणबाई बाकावरून म्हणाल्या, "साहेब, वास येतोय का?"

साहेबांनी तोंड उघडलं.

"त्यांना सांग पोरी, मान हलवू नका म्हणावं," न्यायमूर्ती म्हणाला आणि वस्तरा उघडला.

मग सगळा बाक सुटला. मुलगी घाम पुसत भाषांतर करत होती. भाचा "मामा, अहो मामा" करत पायरीवर मागे मागे सरकत गेला आणि एक बूट गटारात घालून बसला. साहेब डोळे गरगर फिरवत मुकाट्याने ऐकत होते.

साहेबांचं तोंड स्वच्छ पुसून न्यायमूर्तीने टॉवेल झटकला आणि दाराकडे पाहिलं.

"या इंजिनिअरसाहेब. तुमचा नंबर."

परदेशी पाहुण्यासमोर नाही म्हणायची सोय नव्हती. पुष्पगुच्छ मांडीवर घेऊन तो बसला. फोटो त्याचाच निघाला.

त्याच आठवड्यात गटार खणायला माणसं आली. पुस्तिकेत त्याचा उल्लेख नाही. इंजिनिअरच्या फेसाळ फोटोखाली 'संवादाने उजळलेला चेहरा' एवढंच आहे. न्यायमूर्तीला पुस्तिकेचा गठ्ठा भेट मिळाला. वस्तऱ्यावरचा फेस पुसायला त्याने पानं फाडून पाहिली.

"कागद नुसता गुळगुळीत," तो म्हणाला. "काही म्हणजे काही शोषून घेत नाही."

आणि त्याने जुनं वर्तमानपत्र ओढलं.