सरांच्या भुवया

संख्याशास्त्राच्या सरांच्या पोटात काही राहत नसे. फक्त ते तोंडावाटे नव्हे, भुवयांवाटे बाहेर पडे.

पहिल्या वर्षाच्या वर्गात त्यांनी नवी पद्धत आणली होती. सरांनी प्रश्न विचारायचा, मुलांनी 'अ', 'ब' किंवा 'क'चं कार्ड वर धरायचं. मग शेजाऱ्याशी हुज्जत घालून त्याला पटवायचं आणि पुन्हा कार्ड. सरांनी मध्ये तोंड घालायचं नाही! हे ऐकून स्टाफरूममध्ये दोघांना चहाचा ठसका लागला होता.

झालं भलतंच. पहिल्याच फेरीत सगळी कार्डं बरोबर. मग हुज्जत कोणाशी घालणार? सर हवेत, परीक्षेत मात्र त्याच मुलांनी दिवे लावले.

प्राचार्यबाई म्हणाल्या, "उद्या मी येऊन बसते. मुलं एकमेकांना शिकवताना दिसली तर ठीक. नाहीतर हे कार्डप्रकरण बंद."

संध्याकाळी सरांनी बायकोवर रंगीत तालीम केली. "सगळे उंचीप्रमाणे रांगेत उभे आहेत. सर्वांत उंच मुलगा आणखी वीतभर वाढला, तर मधोमध उभ्या असलेल्याची उंची, म्हणजे मध्यक, काय होईल? अ, वाढेल. ब, तेवढाच राहील. क, कमी होईल."

"ब," भाजी निवडता निवडता ती म्हणाली.

"अगं, तुला कसं कळलं?"

"मला कळतंय डोंबल! 'ब' म्हणताना तुमच्या भुवया कपाळावर चढल्या. तुमच्याबरोबर पत्ते खेळणं आम्ही का सोडलं, विसरलात?"

दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्याकडे तोंड करून प्रश्न वाचला. वर्गाला वाटलं, सर रुसले. वळून पाहतात तो तिन्ही अक्षरांची खिचडी! मागच्या बाकावर प्राचार्यबाईंनीही ऐटीत 'अ' धरलेला. सर पुन्हा फळ्याकडे वळले आणि वर्गात बाजार भरला.

"अगं, पण बेरीज वाढली की!" प्राचार्यबाई शेजारच्या मुलीला म्हणाल्या.

"म्हणून सरासरी वाढेल, मॅडम. लंबू वाढला तर त्याची पँट आखूड होईल, मधल्याचं काय जातंय? तो आहे तिथंच उभा आहे ना!"

प्राचार्यबाईंनी डोळे मिटून ती रांग पाहिली. दुसऱ्या फेरीत त्यांचं कार्ड हळूच 'ब' झालं. बहुतेकांचं झालं. वर्गातला खरा लंबू तेवढा 'अ'वर ठाम राहिला. स्वतःच्या वाढीने कोणालाच फरक पडत नाही, हे त्याला मान्य नव्हतं.

जाताना प्राचार्यबाई एवढंच म्हणाल्या, "पुढच्या तासाला माझं कार्ड वेगळं ठेवा."

घरी बायकोने दार उघडलं. सरांनी बातमी सांगायला तोंड उघडलं.

"कळलं," ती म्हणाली. "कार्डं चालू राहिली. हातपाय धुवा."