काकूंची उशी

पांढुर्ण्यातल्या माझ्या शेजारणीची मुलगी नागपूरच्या प्रयोगशाळेत स्वरतंतूंच्या पेशी वाढवते. सुटीत घरी आली की संत्रं, उशी, माझी इडली, सगळं बोटानं दाबून पाहते.

“काय दाबून राहिली वं?” मी विचारते.

“काकू, कडक प्लास्टिकवर पेशी ताणून बसतात. मऊ जेलवर घशात असल्यावानी राहतात. तुमची इडली प्लास्टिकवानी आहे. उशी मात्र जेलवानी.”

मंडीत संत्र्यांचे भाव पुकारून तिच्या बाबांचा आवाज बसला. घशाचं ऑपरेशन करून ते घरी आले, तेव्हा सवयीनं तिचं बोट त्यांच्या गळ्याकडे गेलं आणि मधेच थांबलं. ती माझ्याकडे आली आणि बाबांसाठी उशी घेऊन गेली.

अजून परत दिली नाही. मीही मागत नाही.